फुफ्फुसातलं प्रेशर वाढलंय? तज्ज्ञ शोधताना या चुका टाळा

मावशीच्या टूडी एकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टवर सगळ्यात खाली ‘सिव्हिअर पीएच’ एवढंच लिहिलेलं होतं. घरी येऊन आम्ही तिच्या दंडाला पट्टा बांधला आणि बीपी मोजलं. ११० बाय ७०. मग वाढलंय ते प्रेशर कुठलं? याचं धड उत्तर मिळायला दीड वर्ष गेलं, आणि त्यातला निम्मा वेळ तरी आमच्याच चुकांनी खाल्ला.

दंडाला मोजतात ते अंगभर रक्त नेणाऱ्या धमन्यांचं प्रेशर. पल्मनरी हायपरटेन्शनमध्ये, म्हणजे रिपोर्टवरच्या ‘पीएच’मध्ये, वाढतं ते हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुफ्फुसात जाणाऱ्या धमनीतलं. तिथलं सरासरी प्रेशर एरवी २० मिलिमीटरच्या आत असतं, म्हणून उजव्या कप्प्याची भिंतही पातळ. प्रेशर चढलं की हा कप्पा थकतो. मग जिन्यावर धाप लागते, पावलं सुजतात, कधी चालताचालता भोवळ येते. घरातली बीपीची गोळी वाढवून हे प्रेशर उतरत नाही.

पंप ओढत बसू नका

मावशीला आधी रक्तवाढीच्या गोळ्या मिळाल्या, मग आठ महिने दम्याचा पंप. मधे एकाने ‘वजन कमी करा, टेन्शन घेऊ नका’ असंही सांगितलं. पन्नाशीच्या बाईला धाप लागली की दोष वजनाला नाहीतर मनाला द्यायची आपल्याकडे फार घाई असते. पंपाने काही आठवड्यांत फरक पडला नाही, हिमोग्लोबिनही ठीक आहे, तरी दम लागतोय, तर ‘एको करून बघूया का?’ असं आपणहून विचारा. श्रम केल्यावर शुद्ध हरपत असेल तर ओपीडीच्या तारखेची वाट पाहू नका.

‘मोठा डॉक्टर कोण?’ हा चुकीचा प्रश्न

आम्ही ओळखीपाळखीतून नावं गोळा करत सुटलो. विचारायला हवं होतं ते वेगळंच: हे कुठल्या प्रकारचं? पल्मनरी हायपरटेन्शनचे पाच गट मानतात आणि दार कुठलं ठोठवायचं ते गटावर ठरतं. पहिल्या गटात फुफ्फुसाच्या बारीक धमन्याच अरुंद होतात. हा गट दुर्मीळ, पण बहुतेक खास औषधं याच्यासाठीच निघाली आहेत. स्क्लेरोडर्मासारख्या, कातडी कडक करणाऱ्या आजारामुळे धमन्या बिघडल्या असतील तर संधिवाततज्ज्ञही लागतो. जन्मापासून हृदयाला छिद्र असलेलं मूल वेळेत बालहृदयरोगतज्ज्ञाकडे पोहोचायला हवं. धमन्या कडक झाल्यावर छिद्र बुजवणं धोक्याचं ठरतं. दुसरा गट हृदयाच्या डाव्या बाजूच्या आजाराचा. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप आवळलेले रुग्ण आपल्याकडे अजून खूप दिसतात. तिथे उपचार झडपेवर करायचा, म्हणजे हृदयरोगतज्ज्ञाकडे. तिसरा गट फुफ्फुसाच्या आजारांचा: चुलीच्या धुरात गेलेली वर्षं, बिडी, टीबीने राहिलेले व्रण, झोपेत श्वास अडकणं. इथे छातीविकारतज्ज्ञ. चौथ्यात फुफ्फुसात जुन्या गुठळ्या अडकलेल्या असतात. पाचव्यात उरलेली सरमिसळ.

पहिल्या गटाचं औषध दुसऱ्या गटाच्या रुग्णाला दिलं तर फायदा होत नाहीच, अपायही होऊ शकतो. गट ठरवल्याशिवाय गोळी लिहून देणाऱ्याला ‘हा कुठला गट?’ असं नम्रपणे विचारा. मावशीला असंच सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, सुरू झालं होतं. ते आणायला माझा मावसभाऊ मेडिकलमध्ये गेला तर काउंटरवरचा पोरगा हसला. चिठ्ठीवर आजाराचं नाव लिहून घेतलं तर ही वेळ येत नाही.

एकोवर विसंबून राहिलो ती आमची मोठी चूक

एकोतलं प्रेशर हा अंदाज असतो. झडपेतून मागे येणाऱ्या रक्ताच्या वेगावरून मशीन हिशेब मांडतं. तो हिशेब कधी चढा येतो, कधी उतरता. आमच्याकडे तीन जागचे तीन रिपोर्ट होते, तीन आकड्यांचे, आणि आम्ही त्यांची सरासरी काढत बसलो होतो! निदान पक्कं होतं ते उजव्या बाजूच्या कॅथने. मानेतल्या, हाताच्या किंवा जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयात आणि पुढे फुफ्फुसाच्या धमनीत नेतात आणि तिथलं प्रेशर थेट मोजतात. सहसा जागा बधिर करूनच होतं.

इथे एक गोंधळ हमखास होतो. ‘अँजिओग्राफी झालीय, नॉर्मल आहे’ असं म्हणून लोक निश्चिंत होतात. ती तपासणी हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांची, आणि धमनीतून केलेली. तिने फुफ्फुसातलं प्रेशर कळत नाही. रिपोर्टमध्ये तीन गोष्टी शोधा: फुफ्फुसाच्या धमनीचं सरासरी प्रेशर, वेज प्रेशर (हृदयाच्या डाव्या बाजूच्या प्रेशरचा अंदाज) आणि धमन्यांचा रोध. वेज १५ च्या वर असेल तर संशय हृदयाच्या डाव्या बाजूवर जातो. पहिल्या गटातल्या काही रुग्णांत कॅथ चालू असतानाच नायट्रिक ऑक्साइड हुंगवून धमन्या सैलावतात का तेही बघतात. थोड्यांच्याच सैलावतात, पण त्यांचं पुष्कळदा कॅल्शियम चॅनल ब्लॉकर या धमन्या सैल करणाऱ्या साध्या गोळीच्या मोठ्या डोसवर भागतं. म्हणून हे काम जिथे नेहमी होतं तिथेच करून घ्या. फोनवर एवढंच विचारायचं: ‘तुमच्याकडे पीएचसाठी राइट हार्ट कॅथ नेहमी होतं का?’ उत्तर देताना पलीकडचा माणूस अडखळला तर पुढचा नंबर लावा.

सीटी नॉर्मल म्हणजे गुठळी नाही, असं नाही

मावशीचा पाय सहा वर्षांपूर्वी मोडला होता, दीड महिना प्लास्टरमध्ये होता. पोटरी सुजली होती, ती बसली, आणि आम्ही ते विसरलो. कोणी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही. सीटी अँजिओमध्ये ‘गुठळी दिसत नाही’ असं आल्यावर तर विषयच मिटला. जुन्या गुठळ्या धमनीच्या भिंतीला जाळीसारख्या चिकटून बसतात आणि सीटीत निसटू शकतात. त्यासाठी व्ही-क्यू स्कॅन लागतो: हवा कुठे पोहोचते आणि रक्त कुठे, याचे दोन नकाशे. तो न्यूक्लिअर मेडिसिन विभागात होतो, त्यामुळे जिल्ह्याच्या गावी सहसा मिळत नाही. कारण सापडत नसलेल्या प्रत्येक पीएचमध्ये हा स्कॅन मागून घ्या, कारण गुठळ्यांच्या या चौथ्या गटात ऑपरेशनने आजार जवळजवळ बरा होऊ शकतो. त्यात शरीर २० अंशांच्या आसपास थंड करून, रक्ताभिसरण काही मिनिटं थांबवून धमन्यांच्या आतलं अस्तर सोलून काढतात. जगात याचं नाव अमेरिकेतल्या सॅन डिएगोने केलं. भारतात मोजक्याच ठिकाणी होतं, बंगळुरू त्यांपैकी एक. ‘ऑपरेशन होणार नाही’ हा निर्णय हे ऑपरेशन करणाऱ्या टीमनेच द्यायला हवा. मावशीच्या स्कॅनमध्ये गुठळ्या दिसल्या आणि ते फोटो या टीमने पाहिले. गुठळ्या फार टोकाला होत्या, म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि फुफ्फुसाच्या धमन्या सैल करणारं रिओसिग्वॅट सुरू झालं. फुग्याने धमन्या उघडण्याचा मार्गही अशांसाठी असतो.

फाईल आणि खरं बोलणं

एकोची सीडी, सगळे जुने कागद तारखेच्या क्रमाने, चालू गोळ्यांची यादी. एवढं नसलं तर मुंबईच्या ओपीडीतली तुमची दहा मिनिटं कागद शोधण्यात जातात. वजन घटवायच्या पुड्या, गोळ्या, काढे लपवू नका. १९६० च्या दशकात स्वित्झर्लंड, जर्मनी, ऑस्ट्रियात अमिनोरेक्स नावाच्या भूक मारणाऱ्या गोळीने पीएचची साथच आणली होती. या आजारावरची पहिली जागतिक बैठक १९७३ साली जिनिव्हात झाली ती त्याच धक्क्यातून.

पैशांचं आधी विचारा

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपली तपासणी किंवा ऑपरेशन बसतं का, हे भरती होण्यापूर्वी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारायचं, डिस्चार्जच्या दिवशी नाही. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी रेशन कार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवकाला भेटा. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांचं वेगळं: तिथे पीएचची केंद्रंच ठरवून दिलेली आहेत, जीपीकडून, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडून, आधी हॉस्पिटलातल्या तज्ज्ञाकडे जा, केंद्रात सहसा तेच पाठवतात.

केंद्र सापडल्यावरच्या चुका

दर लहानसहान तक्रारीला मुंबई गाठू नका. वजन, सूज, रक्ताच्या तपासण्या गावातल्या फिजिशियनकडे होऊ शकतात. त्यांना केंद्राचं पत्र द्या आणि एकमेकांचा फोन नंबर मिळवून द्या. गोळ्या संपल्या म्हणून चार दिवस खंड पाडू नका, प्रेशर एकदम उसळू शकतं. यातल्या काही गोळ्या, रिओसिग्वॅट आणि बोसेंटान त्यातल्या, गर्भाला घातक आहेत, आणि या आजारात बाळंतपण आईच्याही जिवावर बेतू शकतं. तरुण बाईने हे पहिल्याच भेटीत बोलावं, लाजू नये. केदारनाथ साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, तिथे जायचं नाव डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढू नये.

आणि घरातलं औषधांचं खोकं एकदा उपसा. मावशीच्या खोक्यात जुनं सिल्डेनाफिल पडून होतं. ते रिओसिग्वॅटबरोबर चालत नाही. छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट काकांच्या पाकिटात असायची. ती या दोन्हींपैकी कशाबरोबरच चालत नाही, अंगाचं बीपी धाडकन खाली येतं. एका रात्री मावशीच्या छातीत कळ आली तेव्हा शेजारच्यांनी प्रेमाने तीच गोळी पुढे केली होती. आता तिच्या फ्रिजवर लाल शाईने लिहिलेला कागद आहे: ‘हिला सॉर्बिट्रेट देऊ नये.’ त्याची एक झेरॉक्स शेजारच्यांच्या दारामागेही लावली आहे.