नोकरी-धंद्यातल्या मैत्रिणींची बैठक कशी सुरू करायची

आमच्या नाशिकच्या सिडकोत महिन्यातून एका रविवारी दुपारी आम्ही आठ-दहा जणी जमतो. बहुतेक आंबेडकरी घरातल्या, कुणी अंबडला कंपनीत क्वालिटीला आहे, कुणी झेडपीच्या शाळेत, एकीचं नाशिकरोडला पार्लर आहे. हे सुरू कसं केलं असं बऱ्याच जणी विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी हे सांगते की आम्ही हे शिकलो अमेरिकेतल्या ब्लॅक बायकांकडून. त्यांच्या गावोगावच्या महिला मंडळांनी १८९६ साली वॉशिंग्टनमध्ये एकत्र येऊन देशभराची संघटना उभी केली, मेरी चर्च टेरेल पहिल्या अध्यक्ष, आणि त्यांचं ब्रीदच होतं की आपण वर चढायचं ते दुसरीला वर घेत घेत. गुलामगिरी संपून तेव्हा जेमतेम तीस वर्षं झाली होती बघा.

वेगळी बैठक कशाला, बायकांचे ग्रुप आहेत ना, असं कुणीतरी म्हणणारच. त्यांना अमेरिकेतल्या जनरल मोटर्स या गाड्यांच्या कंपनीची केस सांगा. पाच ब्लॅक बायका कोर्टात गेल्या, की आम्हाला उशिरा घेतलं आणि कपात आली तेव्हा आधी आम्हालाच काढलं. १९७६ मध्ये कोर्ट म्हणालं, कंपनीत बायका आहेत की, आणि ब्लॅक लोकही आहेत, मग भेदभाव कुठे झाला? पण त्या बायका गोऱ्या, ऑफिसात बसणाऱ्या, आणि ब्लॅक होते ते पुरुष, कारखान्यात. या पाच जणी मधल्या मधे राहिल्या. पुढे १९८९ मध्ये किंबर्ले क्रेनशॉ या कायद्याच्या प्राध्यापिकेने यावरच लिहिलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला कारण आपलं तेच आहे, बायकांच्या ग्रुपमध्ये जातीचा विषय काढला की सगळ्या गप्प आणि समाजाच्या मीटिंगला बाईचा विषय निघतच नाही.

आता कसं करायचं ते. दहाच्या वर जणी नको, गर्दी झाली की दोघी-तिघीच बोलतात. हॉटेलात नको, कुणाच्या तरी घरी करा, सतरंजीवर, मॅनेजर असो नाहीतर हेल्पर सगळ्या खालीच. वेळ तीन ते पाच, म्हणजे जेवणं उरकलेली असतात आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाला घरी पोचता येतं. पोरं आणली तरी चालतील. फोन पिशवीत. इथलं इथेच राहणार, नवऱ्यालाही सांगायचं नाही, हे पहिल्याच दिवशी प्रत्येकीच्या तोंडून म्हणवून घ्या, हा नियम मोडला तर बैठक संपली समजा.

एकेकीला बोलतं कसं करायचं हा खरा भाग. "अनुभव सांगा" म्हटलं की सगळ्यांचं एकच, माझं काय, विशेष काही नाही. म्हणून आम्ही तसं विचारतच नाही, आम्ही विचारतो की कामाच्या पहिल्या दिवशी डबा कुणाबरोबर खाल्लास? एवढं विचारलं आणि एक मैत्रीण जी दोन बैठका नुसती ऐकत होती ती म्हणाली, जिन्यात. तीन महिने जिन्यात बसून खाल्ला, कारण पहिल्या दिवशी टेबलावर आधी पूर्ण नाव विचारलं, मग गाव, मग गावात घर कुठल्या बाजूला, आणि दुसऱ्या दिवसापासून खुर्च्या सरकल्या. कुणी काही वाईट बोललं नाही म्हणून तक्रार तरी काय करणार. मला माझ्या पहिल्या नोकरीत हेच तीन प्रश्न याच क्रमाने विचारले होते आणि मी पंधरा वर्षं समजत होते की माझ्याच स्वभावात काहीतरी खोट आहे.

ती सांगत असताना कुणी मध्ये बोलायचं नाही, आणि "तू असं करायला हवं होतंस" हे वाक्य बंदच. झाल्यावर फक्त दोन प्रश्न, मग तू काय केलंस, आणि आत्ता आमच्याकडून काय हवंय.

कारण नुसतं रडून उठलो तर दुसऱ्या महिन्यात कुणी येत नाही, प्रत्येक गोष्टीतून एक काम निघालं पाहिजे. एकीला सात वर्षं मीटिंगमध्ये नोट्स काढायला बसवायचे आणि क्लायंटकडे पाठवायचे तिच्यानंतर आलेल्या पोरांना. आम्ही तिथेच बसून तिचा मेल लिहिला, चारच ओळी, कुठली कामं केली, कुठल्या तारखांना, पुढच्या ऑडिटला मला पाठवा. सॉरी आणि प्लीज मिळून पाच वेळा होतं, ते काढायला लावलं. सोमवारी सकाळी तिने पाठवला, दोन महिन्यांनी पुण्याच्या ऑडिटला ती गेली. प्रमोशन अजून नाही, पण गेली.

एक वही ठेवायला सांगा प्रत्येकीला, तारीख, कोण काय बोललं, समोर कोण होतं. लैंगिक छळाचा प्रकार असेल तर २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी तक्रार समिती असलीच पाहिजे आणि तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते, तेव्हा ही वही लागते. जातीवरून अपमान झाला तर तो ॲट्रॉसिटीचा वेगळा विषय, त्याला वकील गाठा, आपल्या मनाने काही करू नका.

पगाराचा आकडा सांगायला लाजू नका, आमच्यात दोघींना असंच कळलं की त्याच कामाला बाहेर जास्त देतात.

धंदेवाल्या मैत्रिणींना मॅडम सी. जे. वॉकर यांची गोष्ट सांगा. आधी कपडे धुवून पोट भरायच्या, मग केसांच्या तेल-मलमाचा धंदा काढला, आणि १९१७ मध्ये फिलाडेल्फियात आपल्या सेल्सवाल्या बायकांचं अधिवेशन भरवलं तेव्हा बक्षिसं जास्त विक्रीला होतीच आणि समाजकार्याला जास्त मदत करणारीलाही होती. आणि केसांचंच बघा, वेण्या घातल्या म्हणून ब्लॅक बायकांना ऑफिसात नावं ठेवायचे, एकेकीला वाटायचं आपल्याच केसांचा प्रॉब्लेम, सगळ्या बोलायला लागल्या तेव्हा २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने त्याविरुद्ध कायदा केला.

वर्षातून एकदा तरी एखाद्या आजीला बोलवा. नाशिकला काय कमी आहे, २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला त्यात बायका होत्या, शांताबाई दाणी इथल्याच, शिकल्या, शिकवलं, विधान परिषदेत गेल्या. आमच्याकडे आलेली आजी आपल्या आईचं सांगत होती तर पार्लरवाली चहा गाळायचा सोडून दारातच उभी राहिली, दूध ऊतू गेलं तरी तिला कळलं नाही.

आणि उठायच्या आधी पुढची तारीख, घर कुणाचं आणि कुणी कुणाला काय शब्द दिलाय हे वहीत लिहा, ग्रुपवर टाकू म्हणालात की राहिलंच.