यारोस्लावलला जाताय? ओढणी घ्या, नोटा घ्या

मॉस्कोच्या यारोस्लाव्स्की स्टेशनवरून सकाळची गाडी पकडा. साधारण साडेतीन तासांत पोचता. भारतातली व्हिसा-मास्टरकार्ड तिथे चालत नाहीत, तेव्हा रोख रूबल मॉस्कोतच करून घ्या. जुनी 1000 ची निळसर नोट आली तर उलटून बघा. मागे यारोस्लावलमधलंच 15 घुमटांचं तोल्चकोवोचं चर्च छापलंय.

बाकी काही चुकलं तरी चालेल, बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याचं चर्च चुकवू नका. बांधकाम 1650 चं, भिंतींवरची चित्रं 1680 ची. आत मान वर करून फिरलं की पाच मिनिटांत मान आखडते, म्हणून मी सरळ एका भिंतीसमोर उभी राहिले. एलीयाचा शिष्य अलीशा, त्याच्या गोष्टीतली गव्हाची कापणी: पिवळंधमक शेत, वाकलेले कापणीवाले, हातात विळे. आमच्याकडची सुगीच की! फक्त सदरे फारच झकपक. उन्हाळ्यातच या, थंडीत हे चर्च बहुतेक बंदच असतं.

बायकांनी डोकं झाकायचं, पुरुषांनी टोपी काढायची. माझी ओढणी बॅगेच्या तळाशी, त्यामुळे दारातच अर्धी बॅग उपसावी लागली. प्रार्थना चालू असेल तर कॅमेरा बॅगेत.

मग व्होल्गाच्या काठाकाठाने स्त्रेल्काला चालत जा. कोतोरोस्ल नदी तिथे व्होल्गाला मिळते. जवळचं भव्य कॅथेड्रल मात्र 2010 चं; जुनं 1937 मध्ये उडवून दिलं होतं. संध्याकाळी इथेच बसा. वारा बोचरा असतो, स्वेटर हवाच.