दहावीनंतर आधी कॉलेज ठरवा, मग बोर्ड

मी बडोद्यात, दांडिया बाजारात गणिताच्या शिकवण्या घेते. दहावीचा निकाल लागला की पालक विचारतात, "ताई, आयबीला (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, म्हणजे अकरावी-बारावीच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाला) घालू का?" मी उलट विचारते, बारावीनंतर पोर कुठं जाणार? ते ठरवा, मग तिथून मागे येत बोर्ड निवडा.

बडोद्यातच राहायचं असेल तर गुजरात बोर्ड किंवा सीबीएसई पुरे. एम. एस. युनिव्हर्सिटीत आर्ट्स-कॉमर्स-सायन्सला जायचं तर फॉर्म जीकॅस या राज्याच्या प्रवेश-पोर्टलवर भरायचा. राज्यातल्या इंजिनिअरिंगचे प्रवेश एसीपीसी या प्रवेश समितीकडून होतात. त्यासाठी गुजसेट ही राज्याची प्रवेश परीक्षा द्यावी. फाइन आर्ट्सला मात्र अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट असते, तिथं फिजिक्सचे मार्क कुणी विचारत नाही. हात चालत असेल तर अकरावीपासूनच रोज स्केचिंग करू द्या.

दहावीनंतर तीन वर्षांचा इंजिनिअरिंगचा डिप्लोमा, मग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. याला लोक नाक मुरडतात. अकरावी-बारावीच्या क्लासांचा खर्च वाचतो, हे कुणी मोजत नाही.

आता आयबी. दोन वर्षं, सहा विषय, त्यांतले तीन हायर लेव्हलला, म्हणजे जास्त खोलात. प्रत्येक विषयाला सात गुण, वर तीन, असे एकूण 45. शिवाय चार हजार शब्दांपर्यंतचा निबंध. परदेशी जायचं नक्की असेल, पोराला वाचायची-लिहायची हौस असेल आणि फी झेपत असेल, तर उत्तम. पण इंजिनिअरिंग मनात असेल तर फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित पहिल्याच दिवशी मागून घ्या. गणितात दोन कोर्स असतात. त्यांतला 'अ‍ॅनालिसिस अँड अ‍ॅप्रोचेस' घ्या, दुसरा सोपा वाटला तरी. डॉक्टरकी हवी असेल तर आयबी नकोच, असं माझं मत. फिजिक्स, केमिस्ट्री, बायो हे तिन्ही नेहमीच्या रचनेत बसत नाहीत, शाळेला खास परवानगी काढावी लागते. आणि मेमधल्या परीक्षेचा निकाल जुलैत लागतो, तोवर इथल्या प्रवेशांची धावपळ सुरू झालेली असते. निकाल हातात नसताना प्रवेश कसा देता, हे कॉलेजला आधीच विचारा.

"मग पुण्याला पाठवू, आपलीच माणसं आहेत!" आत्या पुण्यात असली म्हणून सीट मिळत नाही. दहावी-बारावी गुजरातेत झाली की महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात घरी मराठी बोलणं धरत नाहीत. आई किंवा वडिलांचं महाराष्ट्राचं डोमिसाइल असेल तर गोष्ट वेगळी. तो कागद बारावी सुरू व्हायच्या आत शोधा.

आणखी एक. एल.सी.वर (शाळा सोडल्याच्या दाखल्यावर) आडनाव आधी, आधारवर शेवटी, पासपोर्टवर वडिलांचं नावच नाही, असं आपल्याकडे घरोघरी आहे. नावं जुळवायचं काम बोर्डाचा फॉर्म भरायच्या आधी उरका. मार्कशीट छापून आली की तीच दुरुस्ती फार वेळ खाते.