लिनक्सवर पेटी, तबला आणि गाणे रेकॉर्ड करण्यासाठी ऑडिओ इंटरफेसची जुळणी

घरच्या घरी गाणे-वाजवणे रेकॉर्ड करण्यासाठी लिनक्स आज पुरेसे समर्थ आहे. अडचण येते ती जुन्या सल्ल्यांमुळे. इंटरनेटवर सापडणाऱ्या पुष्कळशा मार्गदर्शिका अशा काळात लिहिलेल्या आहेत, की तेव्हा रोजच्या वापराचा आवाज पल्सऑडिओ सांभाळत असे आणि संगीताच्या कामासाठी त्याला बाजूला सारून जॅक हा स्वतंत्र सर्व्हर, म्हणजे आवाजाची ने-आण करणारा प्रोग्रॅम, चालवावा लागे. पाइपवायर आल्यापासून ही दोन्ही कामे एकच सर्व्हर करतो. फेडोराने एप्रिल २०२१ मध्ये ३४व्या आवृत्तीपासून आणि उबुंटूने २२.१० पासून तो मूळ व्यवस्था म्हणून स्वीकारला. मी मात्र एका जुन्या लेखावर विसंबून पाइपवायर चालू असतानाच जॅकचा मूळ सर्व्हर बसवला आणि दोघेही एकाच इंटरफेसवर (माइक आणि हेडफोन संगणकाला जोडणाऱ्या पेटीवजा उपकरणावर) हक्क सांगू लागल्याने दोन संध्याकाळी फुकट घालवल्या. म्हणून पहिले काम म्हणजे काहीही नवे बसवण्याआधी आपल्या संगणकावर पाइपवायर आहे का हे पाहणे, आणि असेल तर त्याच्या जोडीला दुसरा सर्व्हर न आणणे.

इंटरफेस निवडताना तो यूएसबी ऑडिओच्या प्रमाणित पद्धतीने चालतो का, एवढे विचारावे. अशा इंटरफेसला वेगळा ड्रायव्हर लागत नाही, कारण अल्सा या लिनक्सच्या ध्वनिव्यवस्थेचा यूएसबी ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतो. दुकानदाराला लिनक्सची माहिती नसल्यास तोच इंटरफेस आयपॅडवर ड्रायव्हरशिवाय चालतो का, हा प्रश्न विचारावा. उत्तर होकारार्थी असेल तर तो लिनक्सवरही बहुधा चालतो. इंटरफेस शक्यतो थेट संगणकाच्या पोर्टला जोडावा. स्वस्त यूएसबी हबमुळे येणारी चटचट शोधून काढण्यात नाहक वेळ जातो.

इंटरफेस जोडल्यावर पॅवूकंट्रोल हा आवाजाच्या नियंत्रणाचा प्रोग्रॅम उघडून त्यातील कॉन्फिगरेशनच्या पानावर त्याचा प्रोफाइल ‘प्रो ऑडिओ’ असा करावा. नेहमीच्या प्रोफाइलमध्ये दोन माइकचे दोन प्रवेश हे एकाच स्टीरिओ आवाजाची डावी-उजवी बाजू समजले जाण्याचा संभव असतो. प्रो ऑडिओमध्ये सर्व चॅनेल आहेत तसे, सुटे दिसतात. त्यानंतर पाइपवायरचे जॅक-सुसंगत पॅकेज बसवावे, म्हणजे जॅकसाठी लिहिलेले प्रोग्रॅम पाइपवायरशीच बोलू लागतात. डेबियनमध्ये असा प्रोग्रॅम सुरू करताना त्याच्या नावाआधी ‘पीडब्ल्यू-जॅक’ लिहावे लागू शकते. रेकॉर्डिंगसाठी आर्डोर हा प्रोग्रॅम घेतल्यास ऑडिओ सेटअपच्या खिडकीत जॅक हा पर्याय निवडावा. तेथे अल्साही दिसेल, परंतु तो घेतला की आर्डोर इंटरफेस स्वतःकडे ठेवतो आणि ब्राउझरमध्ये लावलेला तानपुरा गप्प होतो. कोणता माइक कोणत्या ट्रॅकला जातो हे क्यूपीडब्ल्यूग्राफ या प्रोग्रॅममध्ये पडद्यावरच्या तारा ओढून ठरवता येते.

आता बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाच्या नमुन्यांचा गट. पाइपवायर मुळात ४८००० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४८००० नमुने घेत, १०२४ नमुन्यांचे गट हाताळतो. म्हणजे एका गटाला सुमारे २१ मिलिसेकंद लागतात आणि आवाज आत येऊन हेडफोनपर्यंत परत जाईतो इंटरफेसचा स्वतःचा वेळ सोडूनही ४३ मिलिसेकंदांच्या आसपास उशीर होतो. मिनिटाला ४८० मात्रांच्या अतिद्रुत तीनतालात एक मात्रा १२५ मिलिसेकंदांची असते, तेव्हा हा उशीर म्हणजे मात्रेचा तिसरा हिस्सा झाला. स्वतःचा तबला असा मागाहून ऐकत कोणी वाजवू शकणार नाही. बफर २५६ वर आणल्यास एका गटाचा वेळ ५.३ मिलिसेकंद होतो आणि १२८ वर २.७. यासाठी टर्मिनलमध्ये ‘पीडब्ल्यू-मेटाडेटा’ या आज्ञेने सक्तीच्या क्वांटमचे (गटातील नमुन्यांच्या संख्येचे) मूल्य हव्या त्या आकड्यावर ठेवावे आणि काम झाल्यावर ते शून्य करावे, म्हणजे मूळ व्यवस्था परत येते.

परंतु बफर लहान करण्याच्या शर्यतीत उतरण्याआधी इंटरफेसच्या पुढील बाजूस ‘डायरेक्ट मॉनिटर’ असे बटण आहे का ते पाहावे. ते दाबल्यावर माइकचा आवाज संगणकाला वळसा न घालता सरळ हेडफोनमध्ये येतो. गायक आणि वादक यांच्यासाठी माझा सल्ला हाच आहे, आणि तो पाळला तर बफर ५१२ वर ठेवूनही निर्धास्त रेकॉर्डिंग करता येते. फक्त आर्डोरमधील त्या ट्रॅकचे मॉनिटरिंग बंद ठेवावे, नाहीतर आवाज दोनदा ऐकू येईल. लहान बफर खरोखर लागतो तो गिटारिक्ससारखा, गिटारचा आवाज संगणकातच बदलणारा प्रोग्रॅम वापरताना किंवा मिडी कीबोर्डवर संगणकातील वाद्य वाजवताना. त्या वेळी ‘पीडब्ल्यू-टॉप’ चालवून चुकांचा रकाना पाहत राहावा. आकडा वाढू लागला की बफर एक पायरी वर न्यावा, आणि लॅपटॉपची वीजबचत बंद करून प्रोसेसर परफॉर्मन्स स्थितीत ठेवावा. तातडीच्या कामांसाठीचा रिअल-टाइम विभाग ६.१२ पासून मुख्य कर्नलमध्ये आला आहे, पण घरगुती रेकॉर्डिंगसाठी निराळा कर्नल बसवण्याची गरज मला अजून पडलेली नाही.

गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवायचा ते, ठरवताना तबलजींना ठेका वाजवायला सांगू नये. ठेक्यावर आवाजाची पातळी दाखवणारा सूचक शांत राहतो आणि पहिल्याच तिहाईला चाटेवरचा ‘ना’ लाल रेघ ओलांडून जातो. एकदा फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. त्यांना पूर्ण जोराने तिहाई वाजवू द्यावी आणि सर्वांत उंच टोक उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असा गेन ठेवावा. कंडेन्सर माइक असल्यास ४८ व्होल्टची फँटम पॉवर केबल जोडून झाल्यावरच, गेन शून्यावर असताना सुरू करावी.

रेकॉर्डिंगभर एक बारीक गुणगुण ऐकू येत असेल, तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. गुणगुण थांबली तर दोष लिनक्सचा नसून बहुधा अर्थिंगचा आहे. पंख्याचे आणि शेजारच्या कुकरच्या शिट्टीचे ज्याने त्याने पाहावे.

सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला किती नमुने घ्यायचे तो आकडा, सुरुवातीलाच एक ठरवावा आणि प्रकल्पभर तोच ठेवावा. ४४१०० हर्ट्झची फाइल रूपांतर न होता ४८००० ने वाजली तर स्वर जवळजवळ दीड सेमीटोनाने चढतो: काळी एकचा षड्ज सफेद दोन आणि काळी दोन यांच्या मधोमध जाऊन बसतो आणि पेटी कुठेच जुळत नाही.

आधीच्या ट्रॅकवर दुसरा ट्रॅक चढवायचा असेल तर शेवटी एक तपासणी करावी. आर्डोरची टिकटिक हेडफोनमध्ये लावून हेडफोन माइकला टेकवावा, दहा सेकंद रेकॉर्ड करावे आणि चित्र मोठे करून टिकटिकीची मूळ जागा व रेकॉर्ड झालेली उसळी एका रेषेत येतात का पाहावे. फरक सगळीकडे सारखा असेल तर आर्डोरच्या ऑडिओ सेटअपमधील कॅलिब्रेशन वापरून तो एकदाच नोंदवावा. त्यासाठी इंटरफेसचे निर्गम आणि प्रवेश एका लहान केबलने जोडावे लागतात. ही केबल जोडलेली असताना हेडफोन कानावर ठेवू नयेत.