सायबर गुन्ह्याची तक्रार न्यायालयात टिकेल अशी कशी नोंदवावी

ऑनलाइन फसवणूक झाली, ई-मेल खात्यात कोणी शिरले किंवा खासगी छायाचित्रांचा गैरवापर झाला, की सल्ला विचारायला आलेला माणूस बहुधा ‘कोणते कलम लागेल’ इथूनच सुरुवात करतो. हा प्रश्न थोडा थांबू शकतो, कारण तपासात तथ्ये पुढे येतील तशी कलमे पोलिसांना वाढवता येतात; खात्यातून निघून गेलेली रक्कम आणि घाईत पुसलेले संदेश मात्र परत मिळवणे अवघड असते. म्हणून नागपुरातील तक्रारदाराने कोणत्या क्रमाने काय करावे हे येथे सांगितले आहे आणि कोणत्या पायरीला कोणता कायदा आधार देतो ते तिथल्या तिथे नोंदवले आहे.

पैसे गेले असतील तर

पहिला फोन १९३० या राष्ट्रीय मदतवाहिनीवर करावा. या यंत्रणेला बँका जोडलेल्या असल्यामुळे रक्कम ज्या खात्यात गेली, तेथे ती अडवून धरण्याची सूचना लगेच पाठवता येते. भामटे रक्कम एका खात्यात ठेवत नाहीत. भाड्याने घेतलेल्या अनेक खात्यांतून ती फिरवून काढून घेतात, त्यामुळे येथे दिवसांना नव्हे, तासांना किंमत आहे. बँकेचे नाव, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, म्हणजे बँकेने त्या व्यवहाराला दिलेला ओळख क्रमांक, हाताशी ठेवावा. तोच तपशील राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर भरून पोच क्रमांक जपावा.

१९३० वर कळवले म्हणजे आपल्या बँकेलाही कळवले, असे मात्र धरून चालू नये. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाची जबाबदारी ठरवली आहे आणि तिची मुदत बँकेला कळवण्याशी जोडलेली आहे. चूक बँकेची असेल, तर ग्राहकावर काहीच जबाबदारी येत नाही. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा अनधिकृत व्यवहाराची सूचना तीन कामकाजाच्या दिवसांत दिल्यासही ग्राहकाची जबाबदारी शून्य राहते. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत दिल्यास ती मर्यादित असते. ग्राहकाने स्वतःच ओटीपी सांगितला असेल, तर सूचना देईपर्यंतचे नुकसान त्याचे आणि सूचनेनंतरचे बँकेचे, असा नियम आहे. म्हणजे ओटीपी दिला असला तरी लाजेपोटी गप्प राहण्यात नुकसानच आहे. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्यासाठी संविधान चौकातील रिझर्व्ह बँकेच्या इमारतीत खेपा घालण्याचे कारण नाही.

पुरावा

बहुतेक तक्रारी येथेच कमकुवत होतात. घाबरून फोन फॉरमॅट करणे, अॅप काढून टाकणे, ‘पुन्हा त्याचे तोंड नको’ म्हणून समोरच्याचा सगळा संवाद पुसणे, ही सारी माणसाच्या स्वभावाला धरून असलेली कृत्ये खटल्याच्या मुळावर येतात. स्क्रीनशॉट जरूर घ्यावेत, पण त्यांवर विसंबू नये. व्हॉट्सअॅपवरील संवाद निर्यात करून ठेवावा. ई-मेल असेल तर तो कोणत्या सर्व्हरमधून आला हे दाखवणाऱ्या पूर्ण शीर्षकासह (हेडरसह) जतन करावा. समाजमाध्यमावरील खाते असेल तर केवळ दिसणारे नाव न टिपता त्याचा संपूर्ण पत्ता (लिंक) उतरवून घ्यावा, कारण नाव क्षणात बदलता येते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत न्यायालयात दाखल करताना तिच्यासोबत विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. त्याचा पहिला भाग नोंद सादर करणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो, तसेच त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइलमधील एक अक्षर बदलले तरी बदलणारी तिची खूण, नमूद करावी लागते. पूर्वीच्या पुरावा अधिनियमातही असे प्रमाणपत्र होते. ते अनिवार्य असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी दिला, तो जालना विधानसभेच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलाश गोरंट्याल या प्रकरणात. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीला उभे राहून न्यायालयात सादर केले, तर प्रमाणपत्राची गरज नसते, हेही त्याच निकालात स्पष्ट केले आहे. जुना फोन विकून टाकण्याआधी हे ध्यानात घ्यावे.

अर्ज आणि एफआयआर

पोर्टलवरील पोच क्रमांक म्हणजे एफआयआर, अर्थात पोलीस ठाण्यातील गुन्ह्याची नोंद, नव्हे. हा भेद माहीत नसल्यामुळे कित्येक जण महिनोन्‌महिने ‘माझी तक्रार दाखल आहे’ या समजुतीत राहतात. पोलीस ठाण्यात स्वतंत्र लेखी अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी. शहराच्या हद्दीतील रहिवाशाने जवळच्या ठाण्यात किंवा शहर पोलिसांच्या सायबर ठाण्यात जावे. काटोल, उमरेड, रामटेक या भागांतील लोकांसाठी नागपूर ग्रामीण पोलीस आहेत. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर स्वीकारू नये, कारण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करू शकतात अशा, गुन्ह्याची खबर हद्दीचा विचार न करता नोंदवावी लागते. खबर इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तिच्यावर तीन दिवसांत सही करावी लागते.

अर्जात संताप नको, घटनाक्रम हवा: कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या क्रमांकावरून काय आले, आपण काय केले, किती रक्कम गेली. कलमे लिहिणे बंधनकारक नाही, परंतु फसवणुकीत एक अपवाद करावा असे माझे मत आहे. तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांना गुन्हा नोंदवण्याआधी उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ची कलमे ६६क आणि ६६ड, अनुक्रमे दुसऱ्याची ओळख चोरणे आणि संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसवणे, तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेची असल्याने या तरतुदीत बसतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खालील फसवणुकीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणून ती या तरतुदीबाहेर राहते. फसवून रक्कम द्यायला लावली असेल, तर अर्जात या कलमाचा उल्लेख जरूर करावा.

गुन्हा नोंदवला गेला नाही, तर शहरात पोलीस आयुक्तांकडे व ग्रामीण भागात पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज पाठवावा आणि तरीही हालचाल झाली नाही, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे. आधीच्या दोन्ही अर्जांच्या पोचा तेथे लागतात.

‘डिजिटल अरेस्ट’, म्हणजे पोलीस असल्याचे भासवून व्हिडिओ कॉलवर अटकेची भीती घालणे, अशी कोणतीही गोष्ट कायद्यात नाही, हे येथेच सांगून टाकतो. व्हिडिओ कॉलवर अटक होत नाही. हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सअॅपवरून बजावता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावले आहे.

खासगी छायाचित्रे आणि माहिती

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे ठरवले. व्यवहारात मात्र उपयोगी पडते ते माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६ई: एखाद्याच्या खासगी अवयवांचे चित्र त्याच्या संमतीविना टिपणे, प्रसिद्ध करणे किंवा पाठवणे यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होतात. अशा प्रकरणात पोलिसांबरोबरच संबंधित संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही त्याच दिवशी लिहावे. पीडित व्यक्तीच्या तक्रारीवरून असे चित्र काढून टाकण्यासाठी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी २४ तासांची कमाल मुदत घालून दिली होती; फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीने ती दोन तासांवर आणली. स्त्रिया आणि मुलांसंबंधी मजकुराची तक्रार पोर्टलवर नाव न देताही करता येते. तिरस्काराच्या संदेशांसाठी अजूनही कोणी कलम ६६अ सुचवत असेल, तर ते मार्च २०१५ मध्येच रद्द झाले आहे.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ कडून फार अपेक्षा ठेवू नये. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरील मुख्य बंधनांना त्यापुढे १८ महिन्यांची सवलत आहे. दंड २५० कोटींपर्यंत असला तरी तो सरकारजमा होतो. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातून भरपाई मिळत नाही. भरपाईच हवी असेल, तर माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४६ खालील निर्णय अधिकाऱ्यापुढे पाच कोटींपर्यंतचा दावा करता येतो. हा मार्ग वकीलही क्वचितच सुचवतात, पण बँकेचा हलगर्जीपणा उघड असेल तेव्हा तो विचारात घ्यावा.

अडवलेली रक्कम आणि गोठलेले खाते

अडवून धरलेली रक्कम आपोआप परत येत नाही. बहुधा तपास अधिकाऱ्यांकडून ती कोणत्या खात्यात किती अडली याचे पत्र घेऊन, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो.

याची दुसरी बाजू व्यापाऱ्यांना सोसावी लागते. इतवारीतील दुकानदाराला गिऱ्हाइकाने यूपीआयने दिलेली रक्कम मुळात फसवणुकीची निघाली, तर दुसऱ्या राज्यातील पोलिसांच्या पत्रावरून त्याचे सबंध खाते गोठू शकते. अशा वेळी बँकेकडून तक्रार क्रमांक, संबंधित पोलीस ठाणे आणि वादग्रस्त रक्कम लेखी मागून घ्यावी, त्या ठाण्याला बिल व मालाच्या नोंदी पाठवाव्यात आणि केवळ तेवढीच रक्कम अडवून बाकीचे खाते मोकळे करण्याची मागणी करावी. ती मान्य झाली नाही, तर संबंधित न्यायदंडाधिकारी किंवा सिव्हिल लाइन्समधील उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ येथे दाद मागता येते. त्या अर्जासोबत बँकेचे उत्तर आणि ठाण्याला पाठवलेल्या पत्राची पोच जोडावी.