सणाच्या सुट्टीत ज्येष्ठांची सोबत: नव्या स्वयंसेवकांसाठी

सणाच्या दिवशी वृद्धाश्रमात पाहुण्यांची रीघ लागते. एकाच सकाळी तीन-तीन गट येतात, गाणी होतात, फोटो निघतात, भेटवस्तूंचा ढीग पडतो. चार दिवसांनी तिथे कुणी फिरकत नाही आणि ती शांतता अंगावर येते. म्हणून तुमच्याकडे चारच भेटींचा वेळ असेल, तर एक सणाच्या आठवडाभर आधी, एक सुट्टीत आणि दोन सुट्टी संपल्यावर ठेवा. प्रत्येक भेट पाऊण तासाची पुरे. त्यापुढे माणूस दमतो, पण संकोचामुळे ‘आता जा’ म्हणत नाही.

जाण्याआधी समन्वयकांना काही गोष्टी विचारून घ्या: ऐकू किती येतं, दिसतं कसं, चालताना आधार लागतो का, पथ्य काय, आणि अलीकडे घरात कुणी गेलंय का. जोडीदार गेल्यानंतरचा पहिला सण फार जड असतो. अशा वेळी ‘चला, मन रमवा’ म्हणत हात धरून कार्यक्रमाला ओढू नका. शेजारी बसा. गेलेल्या माणसाचा विषय त्यांनीच काढला तर बदलू नका, बोलू द्या. ‘मुलगा येणार आहे का?’ हा प्रश्न तर आपण होऊन कधीच विचारू नये. हाक काय मारायची तेही त्यांनाच विचारा. सगळ्यांनाच ‘आजी’ आवडत नाही, आयुष्यभर शिकवलेल्या बाईंना ‘बाई’च बरं वाटतं.

ऐकू कमी येतं म्हणून नवी मंडळी ओरडून बोलतात. उतारवयात बहुधा उंच पट्टीचे आवाज आधी हरवतात, त्यामुळे ‘स’, ‘फ’ यांसारखी व्यंजनं निसटतात आणि ‘सात’चं ‘आठ’ होतं. ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजनं निसटलेलीच राहतात. टीव्ही बंद करा, तीन-चार फुटांवर समोर बसा, उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडू द्या आणि सावकाश बोला. कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता शब्द बदलून सांगा. श्रवणयंत्र लावूनही ऐकू येत नसेल तर आधी बॅटरी पाहा. बटणासारख्या छोट्या बॅटरीवर स्टिकर असतो. तो काढल्यावर मिनिटभर थांबून मगच ती यंत्रात बसवा, कारण ती हवेवर चालते. शिट्टी वाजत असेल तर यंत्र नीट बसलेलं नसतं किंवा कानात मळ असतो. मळ काढायच्या फंदात पडू नका, संस्थेच्या नर्सना सांगा.

पलंगावरून उठवताना घाई नको. पाय खाली सोडून मिनिट-दोन मिनिटं बसू द्या, कारण एकदम उभं राहिलं की रक्तदाब उतरतो आणि चक्कर येते. हाताला धरून किंवा काखेत हात घालून ओढू नका, खांदा दुखावतो. त्यांना कडेवर सरकू द्या, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घेऊ द्या, पुढे झुकून हातांनी रेटा देऊ द्या. उठतात ते स्वतःच, तुम्ही फक्त शेजारी तयार राहायचं. व्हीलचेअरवरून उठताना दोन्ही ब्रेक लावलेले आणि पाय ठेवायच्या पट्ट्या वर दुमडलेल्या हव्यात, कारण पट्टीवर भार देऊन उठलं की खुर्ची पुढे उलटते. तीव्र उतारावर खुर्ची उलटी, म्हणजे तुम्ही पुढे आणि खुर्ची मागे, अशी उतरवा.

तरीही कुणी पडलंच, तर लगेच उचलू नका. कुठे दुखतंय विचारा आणि मदतीला हाक मारा. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ‘बरं वाटतंय’ म्हटलं तरी डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

सजावटीचाही त्रास होऊ शकतो. वाटेतली वायर, नवं घसरतं पायपुसणं, आवरण्याच्या उत्साहात हलवलेलं स्टूल. दृष्टी अधू असलेल्या माणसाची खोली हाताच्या सवयीवर चालते: चष्मा इथे, पाण्याचा पेला तिथे. तुम्ही नीटनेटकं करून गेलात की रात्री त्यांचा हात रिकाम्या जागी पडतो. विस्मरण असलेल्यांना गर्दी आणि आवाज झेपत नाही, अनेकांची अस्वस्थता संध्याकाळी वाढते. त्यांच्याकडे सकाळीच आणि एकट्याने जा. कालपर्यंत नीट बोलणारा माणूस आज अचानक गोंधळलेला वाटला, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. जंतुसंसर्गाने किंवा पाणी कमी पडल्यानेही असं होतं, लगेच कळवा.

पैशांच्या बाबतीत कडक राहा. कार्ड, पिन, ओटीपी हातात घ्यायचा नाही. सामान आणून दिलं तर बिल आणि उरलेले पैसे त्यांच्यासमोर मोजून वहीत लिहा. ‘कुणाला सांगू नकोस’ म्हणून ते काही सांगू लागले, तर आधीच स्पष्ट करा की त्रास किंवा मारहाणीची गोष्ट असेल तर ती समन्वयकांना सांगावी लागेल.

सर्दी-खोकला असेल तर जाऊ नका, फोन करा. निघताना पुढच्या भेटीची तारीख त्यांच्या कॅलेंडरवर ठळक अक्षरांत लिहा. त्या दिवशी सकाळपासून ते दाराकडे पाहत असतात. येणं जमणार नसेल, तर ते तयार होऊन बसायच्या आत फोन गेला पाहिजे.