प्रबंधाची अनुक्रमणिका वर्डमध्ये कशी बांधावी

अनुक्रमणिका टाइप करायची नसते, हे मला माझा प्रबंध देऊन झाल्यावर कळलं. मी एकेक शीर्षक कॉपी करून चिकटवलं होतं, मधली जागा टिंबाचं बटण दाबून दाबून भरली होती आणि शेवटी पान क्रमांक लिहिले होते. मग मार्गदर्शकांनी तिसऱ्या प्रकरणात दोन परिच्छेद वाढवायला सांगितले आणि पुढचे सगळे क्रमांक एका पानाने सरकले. अख्खी रात्र आकडे बदलण्यात गेली. तरी बांधणी झालेल्या प्रतीत दोन ठिकाणी चुकीचं पान राहिलंच.

ही यादी वर्ड स्वतः करू शकतं. फक्त कुठली ओळ शीर्षक आहे, हे आपण त्याला सांगायला हवं. आपल्याला मोठ्या, ठळक अक्षरातली ओळ शीर्षक वाटते, वर्डसाठी ती नुसतीच ठळक केलेली ओळ असते. म्हणून कामाची सुरुवात अनुक्रमणिकेच्या पानावर करायची नाही. ती प्रबंधात पहिल्या प्रकरणापासून करायची.

१. शीर्षकांना स्टाइल द्या

प्रकरणाच्या नावावर कर्सर ठेवा आणि होम टॅबमधल्या स्टाइल्समधून हेडिंग १ निवडा. विभागाला हेडिंग २, उपविभागाला हेडिंग ३. कीबोर्डवरून करायचं तर कंट्रोल आणि ऑल्ट धरून १, २ किंवा ३ दाबा. शेवटच्या पानापर्यंत एकही शीर्षक न सोडता जा. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच करायचं आहे.

स्टाइल दिल्यावर अक्षरं निळी झाली, आकार बदलला, तर घाबरू नका. एका शीर्षकाला हवा तसा फॉन्ट, आकार आणि रंग द्या, मग स्टाइल्समधल्या हेडिंग १ वर राइट क्लिक करून ‘अपडेट हेडिंग १ टू मॅच सिलेक्शन’ निवडा. बाकीची सगळी प्रकरणशीर्षकं तशीच होतील.

विभागांचे क्रमांक हाताने टाइप केलेले असतील तर ते खोडा आणि होम टॅबमधल्या मल्टिलेव्हल लिस्टमधून, ज्या नमुन्यात हेडिंग १, हेडिंग २ अशी नावं दिसतात तो नमुना घ्या. ‘प्रकरण’ हा शब्दही तिथेच क्रमांकाच्या आधी घालता येतो. बरेच जण ‘प्रकरण ३’ लिहून शिफ्ट-एंटर दाबतात आणि खाली नाव लिहितात. ती तोडलेली ओळ अनुक्रमणिकेतही तुटलेलीच येते.

आता व्ह्यू टॅबमध्ये नॅव्हिगेशन पेनवर खूण करा. डावीकडे सगळ्या शीर्षकांचा सांगाडा उभा राहील. राहून गेलेलं शीर्षक, चुकीच्या पातळीवर गेलेला उपविभाग, चुकून हेडिंग झालेला परिच्छेद, सगळं तिथे दिसतं. ही तपासणी अजिबात टाळू नका, कारण अनुक्रमणिका याच सांगाड्यावर उभी राहणार आहे.

२. पान क्रमांक आधी लावून घ्या

सुरुवातीच्या पानांना, म्हणजे प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, गोषवारा यांना, बहुतेक ठिकाणी रोमन आकडे लागतात आणि पहिल्या प्रकरणापासून १ सुरू होतो. त्यासाठी पहिल्या प्रकरणाच्या लगेच आधी लेआउट, ब्रेक्स, मग सेक्शन ब्रेक्सखालचं नेक्स्ट पेज निवडा. साधा पेज ब्रेक इथे चालत नाही, त्याने स्वतंत्र क्रमांकांचा वेगळा भाग, म्हणजे सेक्शन, होत नाही. मग प्रकरणाच्या पानावर फूटरमध्ये दोनदा क्लिक करा, पेज नंबरमधून ‘फॉरमॅट पेज नंबर्स’ उघडा आणि ‘स्टार्ट ॲट’मध्ये १ लिहा. सुरुवातीच्या सेक्शनमध्ये जाऊन रोमन आकडे निवडा. शीर्षकपानावर क्रमांक नको असेल तर त्या सेक्शनमध्ये ‘डिफरंट फर्स्ट पेज’ला खूण करा.

३. अनुक्रमणिका घाला

कोऱ्या पानावर ‘अनुक्रमणिका’ असं लिहा, पण त्याला हेडिंग १ देऊ नका, नाहीतर अनुक्रमणिकेतच अनुक्रमणिकेची नोंद येईल. खालच्या ओळीवर रेफरन्सेस, टेबल ऑफ कन्टेन्ट्स, आणि तिथे खालच्या बाजूला असलेलं ‘कस्टम टेबल ऑफ कन्टेन्ट्स’. वर दिसणारं ‘मॅन्युअल टेबल’ घेऊ नका. त्यात सगळं पुन्हा हातानेच भरावं लागतं.

उघडलेल्या चौकटीत ‘शो लेव्हल्स’ ३ ठेवा. चौथी पातळी घेतली की यादी लांबत जाते आणि वाचणाऱ्याला काहीच चटकन सापडत नाही. टॅब लीडरमध्ये, म्हणजे शीर्षक आणि पान क्रमांक यांच्यामधली जागा भरणाऱ्या खुणेत, टिंबं निवडा. फॉरमॅट्समध्ये ‘फ्रॉम टेम्प्लेट’ राहू द्या, पुढच्या पायरीला त्याची गरज आहे.

४. रूप बदलायचं ते स्टाइलमध्येच

सगळ्यात जास्त मेहनत इथे वाया जाते. यादी आली की लोक एकेक ओळ निवडून ठळक करतात, स्पेसबार दाबून आत सरकवतात. पुढच्या अपडेटला वर्ड ती यादी नव्याने लिहितं आणि हे सगळं पुसलं जातं. अनुक्रमणिकेच्या ओळींना स्वतःच्या स्टाइल्स असतात (टीओसी म्हणजे टेबल ऑफ कन्टेन्ट्स): टीओसी १, टीओसी २, टीओसी ३. कस्टमच्या त्याच चौकटीत मॉडिफाय हे बटण आहे, तिथून त्या बदलायच्या.

मी सहसा असं ठेवते: टीओसी १ ठळक, ओळीच्या आधी ६ पॉइंट जागा, डावा इंडेंट, म्हणजे समासापासून आत सरकण्याचं अंतर, शून्य. टीओसी २ ला पाऊण सेंटिमीटर, टीओसी ३ ला दीड. मॉडिफायमध्ये खाली फॉरमॅट, मग पॅराग्राफ उघडलं की हे आकडे भरता येतात.

पान क्रमांक एका रेषेत यायला टॅब, म्हणजे ओळीतली क्रमांक थांबण्याची जागा, नेमका कुठे हवा, याचा हिशोब सोपा आहे. ए४ कागद २१ सेंटिमीटर रुंद. बांधणीसाठी डावा समास दीड इंच म्हणजे ३.८१, उजवा एक इंच म्हणजे २.५४. उरले १४.६५ सेंटिमीटर. फॉरमॅटमधल्या टॅब्समध्ये १४.६५ लिहा, अलाइनमेंट राइट, लीडर टिंबांचा. तिन्ही स्टाइल्सना हाच टॅब द्या.

प्रबंधातली शीर्षकं लांबलचक असतात. ती दुसऱ्या ओळीवर जाताना थेट पान क्रमांकाच्या रांगेत घुसतात आणि पान गिचमिड दिसतं. त्यावर उपाय म्हणजे तिन्ही स्टाइल्सना दीड सेंटिमीटर उजवा इंडेंट द्या. मजकूर अलीकडेच वळतो आणि क्रमांक मात्र टॅबमुळे टोकालाच राहतो. ‘स्पेशल’मध्ये हँगिंग निवडलंत तर दुसरी ओळ विभाग क्रमांकाखाली न जाता शीर्षकाच्या पहिल्या अक्षराखाली येते. एवढ्या दोन गोष्टींनी पान एकदम नीटस दिसायला लागतं.

प्रबंध देवनागरीत असेल तर आणखी एक गोष्ट बघा. फॉन्टच्या चौकटीत लॅटिन मजकुराचा आणि ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’चा फॉन्ट वेगवेगळा असतो. देवनागरी दुसऱ्या भागाचं ऐकते. आकार बदलूनही अक्षरं तशीच राहिली, तर बदल पहिल्या भागात झालेला असतो.

५. अपडेट करा, आणि पुन्हा करा

अनुक्रमणिकेत क्लिक करून एफ९ दाबा आणि ‘अपडेट एन्टायर टेबल’ निवडा. नुसते पान क्रमांक अपडेट केले तर बदललेलं शीर्षक जुनंच राहतं. अनुक्रमणिका एका पानावरून दोन पानांवर गेली असेल तर आणखी एकदा अपडेट करा.

अनुक्रमणिकेत अख्खा परिच्छेद आला, तर त्या परिच्छेदाला कुठूनतरी हेडिंग लागलेलं असतं. त्याला नॉर्मल स्टाइल द्या. एखादी आकृती आली, तर ती हेडिंग दिलेल्या ओळीत बसलेली असते. ‘बुकमार्क नॉट डिफाइन्ड’ असं ठळक अक्षरात आलं, तर ते शीर्षक खोडलं गेलं आहे किंवा बदललं आहे. पूर्ण अपडेट केलं की ते जातं.

ऋणनिर्देशासारखी बिनक्रमांकाची शीर्षकं हवी असतील तर हेडिंग १ वर आधारलेली एक नवी स्टाइल करा, तिचा क्रमांक काढून टाका आणि कस्टमच्या चौकटीतल्या ऑप्शन्समध्ये तिच्यापुढे १ लिहा.

तक्त्यांच्या आणि आकृत्यांच्या याद्याही अशाच होतात. प्रत्येकाला रेफरन्सेसमधल्या ‘इन्सर्ट कॅप्शन’ने नाव द्यायचं, मग ‘इन्सर्ट टेबल ऑफ फिगर्स’. लिबर ऑफिस वापरत असाल तर हेडिंगसाठी कंट्रोल आणि १, आणि यादी इन्सर्ट मेनूमध्ये.

पीडीएफ करताना ऑप्शन्समध्ये हेडिंग्जवरून बुकमार्क तयार करायला सांगा, परीक्षकांना स्क्रीनवर वाचताना सोपं जातं. मग ती पीडीएफ उघडून अनुक्रमणिकेतली शेवटची नोंद, बहुधा संदर्भसूची, तिच्या पानाशी ताडून पाहा. मध्ये कुठेही पान सरकलं असेल आणि अपडेट राहिलं असेल, तर ते त्या नोंदीत बहुतेक वेळा दिसतं.